दोन आकडे : खानदेशातील घरगुती वायरिंगचा एक अलिखित इतिहास

पाणवठ्याचा इतिहास आपल्या लोकांनी लिहिला. देवळाच्या दाराचा लिहिला, शाळेच्या ओसरीचा लिहिला. विजेच्या तारेचा इतिहास मात्र आपण अभियंत्यांवर आणि सरकारी अहवालांवर सोडून दिला. त्यामागे एक भाबडा समज आहे. वीज ही आधुनिक वस्तू. तिला ना जात ना विटाळ. बटण ब्राह्मणाने दाबले काय आणि महाराने दाबले काय, दिवा सारखाच लागतो. हे खरेच आहे. पण ती तार कोणत्या खांबावरून कोणत्या दारापर्यंत न्यायची, आत किती दिवे द्यायचे, जमिनीत आर्थिंग गाडायचे की नाही, आणि हे काम करणारा माणूस घराच्या कोणत्या खोलीपर्यंत जाऊ शकतो, हे सारे माणसे ठरवतात. आणि ती माणसे याच समाजव्यवस्थेतली असतात.

प्रस्तुत लेखक महाविद्यालयात इतिहास शिकवतो. परंतु माझे वडील तारतंत्री, म्हणजे लोकांच्या भाषेत वायरमन. आयटीआयचा दाखला घेऊन त्यांनी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत ठेकेदारांच्या हाताखाली घरोघर फिटिंग केली. आमच्या घरात पुस्तके माझ्याबरोबर आली. त्याआधी होते ते टेस्टर, पक्कड, हातोडी आणि क्लिपांचे डबे. घर पाहिले की वडील आधी आढ्याकडे पाहतात. ही सवय मला लागली आणि तिथूनच हा विषय सुचला.

वायरमनच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक साऱ्या महाराष्ट्रात एकच. दाब २३० व्होल्ट. तीन फेजांचे रंग लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. लाकडी पट्टीवर आडव्या ओळीत दर १० सेंटिमीटरला आणि उभ्या ओळीत दर १५ सेंटिमीटरला एक क्लिप. पण घर कसले आहे हे पुस्तक विचारीत नाही. कोकणात छप्पर कौलारू, भिंत जांभ्याची आणि हवा खारी. तिथे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो, लाकडी पट्टी फुगते आणि जांभ्याच्या खडकात आर्थिंग धरत नाही. म्हणून ओल टिकेल अशी जागा शोधून पाइप गाडावा लागतो. मुंबईच्या चाळीत प्रश्न निराळा : जिन्याखाली मीटरांची रांग आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत नळीतून चढणाऱ्या तारा. पुण्या-नाशकाच्या जुन्या वाड्यांत विटा आणि लाकूड भरपूर, त्यामुळे पट्टी कुठेही ठोकता येते.

आपल्या खानदेशात घर म्हणजे धाबे. मातीच्या जाड भिंती, त्यांवर तुळया आणि कड्या, कड्यांवर काटक्यांचा थर आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा लेप. मातीच्या भिंतीत गिट्टी, म्हणजे पट्टीचा स्क्रू पकडण्यासाठी ठोकायचा लाकडी तुकडा, घट्ट बसत नाही. वर्षभरात ती सुटते आणि तिच्याबरोबर पट्टीही लोंबू लागते. म्हणून इथल्या जाणत्या वायरमनने भिंत टाळली. त्याने वायर तुळईच्या कडेने नेली, खांबावरून उतरवली आणि बोर्डसुद्धा खांबालाच ठोकला. खानदेशातील जुन्या धाब्यात बटण दाराजवळ न सापडता घराच्या मध्यभागी खांबावर सापडते, त्याचे कारण हे. परक्या माणसाला ते गैरसोयीचे वाटते. पण धाबे पावसात गळते, भिंत ओली होते, आणि तुळईखालची तार त्या मानाने कोरडी राहते. वाळवी मात्र कोणाला सोडत नाही. साग वगळला तर पट्टी आतून पोखरली जाते आणि वर नुसती क्लिपांची रांग उरते.

आणखी एक फरक काळाचा आहे. स्वातंत्र्यानंतर तांब्याची टंचाई आणि परकीय चलनाची चणचण यांमुळे घरगुती तारांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियम आले. ब्रिटननेही महायुद्धानंतर तांबे वाचवायचा विचार केला होता. पण त्यांनी १९४७ साली नवा चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला प्लग आणि घरभर वळसा घालणारी नवी मांडणीच आणली. आपण त्यांचा जुना गोल पिनांचा प्लग ठेवला आणि तार तेवढी बदलली. ॲल्युमिनियमचा जोड हळूहळू सैल होतो, सैल जोड तापतो. ज्याला परवडले त्याने पुढे पुन्हा तांबे ओढून घेतले. ज्याला परवडले नाही त्याच्या घरात ती तार अजून आहे.

इथवर हा प्रदेशाप्रदेशांतील फरकांचा साधा इतिहास झाला : माती, पाऊस, छप्पर, खारी हवा. अभियांत्रिकीची पुस्तके इथेच थांबतात. पण कोकणातील घर आणि खानदेशातील घर यांच्या वायरिंगमध्ये जितका फरक मला दिसला, त्याहून मोठा फरक एकाच खानदेशी गावात, धाब्यांची गल्ली आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यात दिसला. अंतर असेल पाव मैल.

वस्तीतील घराला तुळईच नव्हती. असलीच तर बाभळीची, वाकडी, हातभर लांब जोड दिलेली. भिंती पुष्कळदा पऱ्हाटीच्या कुडाच्या. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या उभ्या बांधायच्या आणि शेणमातीने लिंपायच्या. शेती ज्याची कापूस त्याचा, आणि पऱ्हाट्या आपल्या, असा तो हिशेब. कुडात गिट्टी कशी ठोकणार? क्लिप कशावर मारणार? सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलकडच्या किंवा शिरपूरकडच्या आदिवासी पाड्यांवरही हीच अडचण. तिथे तार बांबूला सुतळीने बांधली जाई. हे काम कोणत्याही पुस्तकात नाही. वडील त्याला ‘बांधणी’ म्हणत. ‘फिटिंग’ हा शब्द ते धाब्यासाठी राखून ठेवीत.

पण कूड हे दुय्यम कारण झाले. मूळ प्रश्न खांबाचा होता. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्याकडे न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, म्हणून वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला आणि वाटेत नदीवरच्या पुलावर बाबासाहेब खाली फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यात टांगेवाल्याचा माज आपण पाहतो. मी भूगोलाकडेही पाहायला सांगेन. स्टेशन, मग नदी, मग कठड्याऐवजी दगड रोवलेला पूल आणि त्यापलीकडे वस्ती. खानदेशातील बहुतेक गावांची रचना अशीच : मध्ये नाला, आणि नाल्यापलीकडे आपण. सर्व्हिस वायर वाटेल तितकी ताणता येत नाही. अंतर वाढले की मध्ये खांब लागतो. खांबाला खर्च येतो आणि खर्चाला कोणाचे तरी वजन लागते. अस्पृश्यतेने जे अंतर शतकांपूर्वी आखले होते, ते विजेच्या अंदाजपत्रकात ‘लांबची वस्ती’ या निरुपद्रवी शब्दांनी उतरले.

येथे एक विरोधाभास नोंदवणे भाग आहे. या देशातील विजेच्या नियोजनाचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे असे मांडले आणि तिचा संबंध थेट दारिद्र्यनिवारणाशी जोडला : विजेवाचून उद्योगीकरण नाही, उद्योगीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच खात्याने उभे केले. १९४८ साली विद्युत पुरवठ्याचा कायदा झाला, २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. आपल्या भुसावळजवळ दीपनगरला १९६८ साली औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ साली २१० मेगावॅटचे दोन संच आले. म्हणजे जळगाव जिल्हा वीज नुसती वापरत नव्हता, तयारही करत होता. रेल्वे आणि दीपनगर यांनी आपल्या कित्येक पोरांना नोकरी दिली, क्वार्टर दिले. क्वार्टरमध्ये पंखा होता; सुट्टीत गावी आले की त्याच पोराच्या आईच्या घरात चिमणी होती.

कारण वीज गावात आली ती घरासाठी आलीच नाही. ती विहिरीसाठी आली. रावेर-यावलच्या केळीला आणि इतरत्र बागायतीला पंप हवे होते; ओढा तिकडचा होता आणि वजनही तिकडचे होते. यात चूक काय, असे कोणी म्हणेल. पाण्याला आमचा विरोध नाही. मात्र त्यातून कागदावर काय झाले ते पाहा. १९९७ सालापर्यंत ‘विद्युतीकरण झालेले गाव’ याची सरकारी व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विजेचे झाले. म्हणजे शिवारात एका पाटलाच्या विहिरीवर एक पंप चालला की सारे गाव उजळले! ऑक्टोबर १९९७ मध्ये व्याख्या थोडी सुधारली. वीज वस्तीच्या जागेत वापरली गेली पाहिजे असे ठरले. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिसरी व्याख्या आली. तीत इतर अटींबरोबर या दोन गोष्टी होत्या : निदान १० टक्के घरांत वीज हवी, आणि रोहित्र व तारा गावठाणाबरोबरच दलित वस्ती असल्यास तिथेही पोचलेल्या हव्यात.

ही तिसरी व्याख्या आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. तिच्यात कबुली दडलेली आहे. स्वातंत्र्याच्या ५७व्या वर्षी सरकारला ‘दलित वस्तीसुद्धा’ असे लिहावे लागले, याचा अर्थ तोपर्यंत ती न मोजताही गाव पूर्ण भरत होते. हे सरकारला आधी माहीत नव्हते असेही नाही. सत्तरीच्या दशकापासून ग्रामीण विद्युतीकरणाच्या कागदांत ‘हरिजन बस्ती’ असा स्वतंत्र रकाना होता. आधीच वीज आलेल्या गावाशेजारच्या वस्तीला वीज देण्यासाठी हा रकाना! गावाशेजारची वस्ती, गावातली नव्हे. आमच्या वस्तीवरून ११ हजार व्होल्टची तार माझ्या जन्माआधीपासून जात होती. उन्हाळ्यात तिची सावली अंगणात पडे. दिवा आमच्याकडे आला तेव्हा मी चौथीत होतो, आणि ‘लाईट उनी, लाईट उनी’ म्हणून ओरडत साऱ्या पोरांनी खांबाभोवती फेर धरलेला मला आठवतो.

मराठीत आकडा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अहवालातला आणि दुसरा तारेवर टाकायचा. पहिला आकडा सांगत होता की गावात वीज आहे. म्हणून वस्तीने दुसरा आकडा टाकला. चोरीचे समर्थन मी करीत नाही, वडिलांनीही कधी केले नाही. आकडा टाकताना माणसे मेलेली त्यांनी पाहिली होती. कुठे कुठे तर फेजवर एकच आकडा टाकून दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधत. त्या ओल्या जमिनीवर पाय पडला की संपले. पण हे लक्षात घ्या की बागायतदाराच्या पंपाच्या आकड्याला गावात हुशारी म्हणत, आणि वस्तीच्या एका बल्बाच्या आकड्याला चोरी.

रीतसर जोडणी आली तीही कशी होती? १९८८-८९ साली कुटीर ज्योती योजना सुरू झाली : दारिद्र्यरेषेखालील घराला एक दिवा. २००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेतही गरीब घराला फुकट मिळाला तो एकच पॉइंट. २०१७ च्या सौभाग्य योजनेत एलईडी बल्बचा एक पॉइंट आणि मोबाइल चार्जिंगची सोय. तीस वर्षांत धोरणकर्त्यांच्या मनातले गरिबाचे घर एका दिव्यापलीकडे गेले नाही. एका दिव्याला दोन तारा पुरतात. तिसरी, हिरवी तार त्या घरात आलीच नाही. भिंतीवर प्लग नसल्यामुळे लोकांनी होल्डरलाच दुसरा होल्डर लावला, त्यातून पिन काढली आणि तिच्यावर टेप, टीव्ही, मिक्सर चालवले. वस्ती बहुधा लाइनच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी दाब २३० वरून १८० वर आला की बल्बचा उजेड निम्म्याहूनही कमी होतो. त्या पिवळ्या उजेडात आमच्या पिढीने मॅट्रिकचा अभ्यास केला. हे कौतुकाने सांगायचे नाही. डोळे त्यात गेले.

खानदेशापुरता याहून गंभीर प्रश्न कूलरचा आहे. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. दरम्यान कूड गेले, धाबीही बरीच गेली, त्यांच्या जागी पत्रे आले. माती आणि लाकूड विजेला आडवे येतात. पत्रा तिला घरभर पसरवतो. एक वायर कुठेतरी खरचटून पत्र्याला टेकली की दार, खांब, कपडे वाळत घालायची तार, सारे घर जिवंत होते. त्या पत्र्याखाली दुपारी मूल झोपवता येत नाही, म्हणून गरीब माणूसही जुना लोखंडी कूलर आणतो. लोखंडी अंग, आत पाणी, समोर ओली फरशी, आणि अर्थची तार नाही. कूलरमध्ये पाणी भरते कोण? बायका आणि पोरे. उन्हाळ्यात शॉक लागून मेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि दैवाला बोल लावतो. १९५६ च्या वीज नियमांतील ३३व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत अर्थचे टोक देण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकली होती. गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या साधनाची सक्ती पुढे त्याच नियमांत आली. तीतून ५ किलोवॅटखालची लहान घरगुती मांडणी वगळलेली होती. लहान घर म्हणजे लहान धोका, असा त्यामागचा विचार असावा. पत्र्याच्या घरात राहिलेल्या माणसाने तो नियम लिहिला नसता.

घरकुलांनी हा प्रश्न सुटला असे वाटते, पण तिथेही एक बारकावा आहे. स्लॅब ओततानाच तिच्यात नळ्या टाकल्या तर वायर भिंतीआड जाते. घरकुलाचा हप्ता स्लॅबपर्यंत कसाबसा पुरतो. नळ्यांना पैसे कुठले? म्हणून बाजारपेठेतील नव्या घरात तार दिसत नाही आणि शेजारच्या घरकुलात प्लॅस्टिकची पट्टी छतावरून फिरते.

आता काम करणाऱ्या माणसाविषयी. गवंडी भिंत बांधून निघून जातो. वायरमनला मात्र नांदत्या घरात, प्रत्येक खोलीत शिरावे लागते. स्वयंपाकघरातही आणि देवघरातही. १९८१ साली अमळनेर तालुक्यातील एका गावी वडील मोठ्या वाड्यात फिटिंग करीत होते. तिसऱ्या दिवशी घरच्या आज्जींनी ठेकेदाराजवळ चौकशी केली आणि आडनाव कळले. कोणी काही वाईट बोलले नाही. आज्जी एवढेच म्हणाल्या, “देवघरात पॉइंट नको भाऊ, बाहेरून उजेड पडेल असा बल्ब लावा.” घरच्या मुलाला ते पटेना; दिवा तर आतच हवा होता. अखेर तोड निघाली. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहून सांगत राहिले आणि तो कॉलेजात जाणारा मुलगा आत स्टुलावर चढून क्लिपा मारत राहिला. पट्टी वाकडी बसली. वडिलांना सल आहे तो अजून त्या वाकड्या पट्टीचा. “आपलं काम म्हणून लोक बघतील ना,” असे ते म्हणतात. त्याच वाड्यात स्वयंपाकघराचा बोर्ड त्यांनीच बसवला होता, पहिल्या दिवशी, आडनाव कळण्याच्या आधी. तो कोणी काढून टाकला नाही.

अमेरिकेतही १९३५ नंतर खेड्यांत वीज नेण्याची मोठी सरकारी मोहीम निघाली. दक्षिणेत मात्र काळ्या खंडकऱ्यांची पुष्कळ घरे अंधारातच राहिली, कारण झोपडी जमीनमालकाची आणि तिच्यात वायरिंग करण्यात मालकाला रस नव्हता. आपल्याकडे झोपडी स्वतःची असते, पण जमीन गायरान. घरपट्टीचा उतारा नाही, म्हणून वीजजोडणीचा अर्ज पुढे सरकत नाही. दोन देशांतले कागद निराळे.

१४ एप्रिल २०२१ ते ६ डिसेंबर २०२१ या काळात महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराने ५०० रुपये अनामत भरायची, तीही पाच हप्त्यांत. चांगली योजना. अर्जासोबत घरातील वीजमांडणीचा चाचणी अहवाल जोडायचा होता, आणि तो शासनमान्य विद्युत ठेकेदाराचाच हवा. नियम योग्य आहे. वायरिंग तपासल्याशिवाय वीज देऊ नये. परंतु वडिलांच्या हाती चाळीस वर्षांचे काम होते, ठेकेदाराचा परवाना नव्हता. परवान्याला लागणारे भांडवल आणि उपकरणे त्यांच्याजवळ कधी जमलीच नाहीत. तेव्हा वस्तीतील घरांची वायरिंग त्यांनी केली, पैसे घेतले नाहीत, आणि अहवालावर सही दुसऱ्याची आली. ज्याने सही केली तो वस्तीत आला नव्हता. सहीचे पैसे मात्र प्रत्येक घराने दिले.

वडील आता सत्तरीत आहेत. शिडीवर चढत नाहीत. पण होळी झाली की ते वस्तीत फेरी मारतात. कोणाकडे कूलर निघाला आहे ते पाहतात. दोन पोरांना हाताशी धरून खड्डा घ्यायला लावतात, पाइप, मीठ आणि कोळसा भरून घेतात आणि हिरवी तार कूलरच्या पायाला आवळतात. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, चैत्रात मात्र भेगाळते आणि पाइपाला सोडते. म्हणून घरातल्या बाईला ते बजावून सांगतात, “ताई, रोज सकाळी कूलरमध्ये पाणी घालण्याआधी एक तांब्या इथं घालायचा.” मग टेस्टर लावून पाहतात, आणि पुढच्या घराकडे निघतात.